मध्यस्थी करणाऱ्याच्याच माथी दोष का येतो?

आई आणि पत्नी यांच्या प्रत्येक वादात आपण मध्ये पडता, शेवटी दोघीही आपल्यालाच बोल लावतात, मग आपण चिडून ओरडता आणि नंतर ‘माझी कोणालाच किंमत नाही’ असे वाटत राहते, असे आपण लिहिले आहे. एकाच संध्याकाळी आपण तीन भूमिका वठवता, हे आपल्या लक्षात आले आहे का?

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या नाट्यत्रिकोणात छळणारा, तारणहार आणि पीडित अशा तीन भूमिका आहेत. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणीही एकाच कोपऱ्यात टिकत नाही. तारणहाराचे ऐकले गेले नाही की तो छळणारा होतो, आणि उलट उत्तर मिळाले की पीडित.

यातील तारणहाराची भूमिका ओळखणे मला सर्वांत अवघड वाटते, कारण ती चांगुलपणासारखी दिसते. वडिलोपार्जित घराच्या खर्चावरून माझ्या दोन भावांत तेढ होती, तेव्हा मी कित्येक वर्षे एकाचे बोलणे सौम्य करून दुसऱ्यापर्यंत पोहोचवत होते. तसे करायला मला कोणीही सांगितले नव्हते. घरातली शांतता मला स्वतःला हवी होती, आणि माझ्यामुळे त्या दोघांना समोरासमोर बसण्याची गरजच उरली नव्हती. ‘आता तुम्ही थेट बोला’ असे मी म्हटले, तेव्हा आधी दोघेही माझ्यावरच रागावले. दोन महिन्यांनी ते बोलले.

मात्र या त्रिकोणातील ‘पीडित’ ही केवळ वादात घेतलेली भूमिका आहे. खरोखर अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीला हा त्रिकोण लावू नये. घरात मारहाण, धमक्या किंवा पैशांची कोंडी असेल, तर तो दोघांचा वाद राहत नाही. अशा वेळी स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार आहे आणि १८१ या हेल्पलाइनवर मदत मागता येते.

आपल्या लिखाणात तसे काही दिसत नाही, म्हणून सुचवते. पुढच्या वेळी आई तक्रार घेऊन आल्या, तर ‘आई, हे तू तिच्याशीच बोल, हवे तर मी शेजारी बसतो’ एवढेच म्हणावे, आणि शेजारी बसल्यावर निवाडा करू नये. पत्नीलाही तेच सांगावे. सुरुवातीला दोघी दुखावतील, आणि त्या वेळी पुन्हा निरोप्या होण्याचा मोह आपल्याला फार होईल.