"मॅडम, तो जुगार नाही खेळत, त्याची सिस्टीम आहे"

हे वाक्य मला समुपदेशनाला आलेल्या बायका, आया, कधी खुद्द खेळणारेच सांगतात, आणि पुढे विचारतात की हिशोब करून पैसे लावले तर त्याला व्यसन म्हणायचं का. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, वय तिशीच्या आत. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, मॅचेस आपल्याकडे पहाटे सुरू होतात म्हणून पाचलाच उठायचा. एक्सेल शीट खरंच भारी होती, कोणती टीम सलग दुसऱ्या दिवशी खेळतेय, घरच्या मैदानावरचा रेकॉर्ड, कोण जखमी, सगळं. फक्त फेवरेटवर, म्हणजे जिंकेल असं वाटणाऱ्या टीमवर, लावायचा, भाव साधारण 1.20. म्हणे दहातल्या आठ येतात मॅडम!

मी म्हटलं बस, इथेच मांडू. हजार लावले तर जिंकल्यावर 200 सुटतात, आठ वेळा 1600, आणि दोन वेळा हजार गेले म्हणजे 2000. दहात आठ बरोबर येऊनही 400 खिशातून गेले! एनबीएतल्याच गोल्डन स्टेट वॉरियर्स टीमने 2015-16 मध्ये 82 पैकी 73 मॅच जिंकल्या, आजवरचा रेकॉर्ड, पण समजा त्या सगळ्यांवर 1.10 च्या भावाने हजार-हजार लावले असते तरी 7300 आले असते नि 9000 गेले असते. फेवरेट जिंकतो हे बुकीला आपल्याआधी माहीत असतं, म्हणून तर भाव तेवढा कमी.

तो गप्प झाला, पण मान्य नाही केलं, आणि खरं सांगू का, गणिताने कोणाचं सुटलेलं मी पाहिलं नाही. म्हणून शीटमध्ये एकच कॉलम वाढवायला सांगितला, "पैसे कुठून आणले". पुढच्या वेळी भरून आणला. पगार, पगार, पगार, क्रेडिट कार्ड, मित्र, बायकोची भिशी. 1.20 ला गेलेले हजार एका फटक्यात काढायचे तर 5000 लावावे लागतात, तेही गेले तर एकूण सहा हजार काढायला 30 हजार, आणि भिशी नेमकी तिथेच गेली होती. तो कॉलम वाचताना रडला बिचारा.

मी व्यसन ओळखते ते इथे. हरल्यावर भरून काढायला रक्कम वाढते का, घरी लपवतो का, उसने घेतो का. शीट कितीही हुशार असो. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, तरी हा कोणा ओळखीच्या माणसाकडे फोनवर लावतच होता.

मग पगाराचं खातं बायकोकडे दिलं, उधारीची यादी दोघांनी मिळून केली, झोपेसाठी सायकॅट्रिस्टकडे पाठवलं. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवलं.

मागच्या आठवड्यात त्याची बायको एकटीच आली. म्हणाली, अजून पाचला उठतो, मोबाईल माझ्या उशाखाली असतो, तो चहा मांडतो नि गॅलरीत बसतो. मी विचारलं, आणि तुम्ही?

म्हणाली, मी जागीच असते ना, ऐकत असते.