इंग्रजीतल्या ‘जस्ट’चा नेमका अर्थ काय? ‘आत्ताच’ की ‘फक्त’?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या मेलमध्ये ‘जस्ट’ कधी ‘आत्ताच’ म्हणून येतो, कधी ‘फक्त’ म्हणून, मग वाचताना ओळखायचं कसं? मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघतो. हा शब्द रोज हाताखालून जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मूळ बघा. ‘जस्ट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तो ‘न्याय्य, योग्य’ या अर्थानं. क्रियाविशेषण म्हणून त्याचा जुना अर्थ ‘नेमकं, बरोबर’ असा होता. ‘फक्त’ हा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकातला. हे ध्यानात ठेवलं की बाकीचे अर्थ सुटे पाठ करावे लागत नाहीत. एक रेघ आहे आणि गोष्ट बरोबर त्या रेघेला टेकली आहे, असं समजा. वेळेच्या रेघेला टेकली तर ‘आत्ताच’. मापाच्या रेघेला कशीबशी टेकली तर ‘जेमतेम’. रेघेच्या पुढं गेलीच नाही तर ‘फक्त’.

आमच्याकडचं उदाहरण देतो. ४० मिलिमीटरचा बोअर (नगातलं गोल भोक) आहे, वरच्या बाजूला ०.०२५ ची सूट आहे आणि माप आलं ४०.०२४. याला इंग्रजीत ‘जस्ट विदिन टॉलरन्स’ म्हणतात. म्हणजे माल पास आहे, पण काठावर. तोच बोअर ‘जस्ट ओव्हर फॉर्टी’ म्हटला तर अर्थ ‘चाळीसच्या किंचित वर’. ‘ओव्हर’, ‘अंडर’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांच्या आधी ‘जस्ट’ आला की बहुतेक वेळा ‘किंचित’ किंवा ‘लगेच’ असाच घ्या.

खरी अडचण क्रियापदापाशी येते. आमच्या एका नव्या मुलानं मेल लिहिला: ‘द कास्टिंग्ज जस्ट पास्ड इन्स्पेक्शन.’ त्याला म्हणायचं होतं, तपासणी आत्ताच झाली, माल पास आहे. गिऱ्हाइकानं वाचलं, माल कसाबसा पास झाला. लगेच उलट मेल आला की प्रत्येक नगाच्या मोजमापाचा रिपोर्ट पाठवा. व्याकरणानं वाक्य बरोबर आहे आणि दोन्ही अर्थ त्यात बसतात. अशा ठिकाणी ‘जस्ट’ काढून सरळ ‘दिस मॉर्निंग’ घालावं, म्हणजे प्रश्नच मिटतो. आणि ‘जेमतेम’ हेच म्हणायचं असेल तर ‘बेअरली’ लिहा, त्याचा दुसरा अर्थ सहसा कुणी काढत नाही.

‘आत्ताच’साठी ब्रिटिश वळण ‘आय हॅव जस्ट सेंट द ड्रॉइंग’ असं आहे. अमेरिकन माणूस सर्रास ‘आय जस्ट सेंट’ म्हणतो. दोन्ही चालतात. ‘जस्ट नाऊ’ मात्र जपून वापरा. आपण कावळा नाक्यावर उभं राहून ‘जस्ट नाऊ निघालो’ म्हणतो ते गेलेल्या क्षणाबद्दल, पण दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे थोड्या वेळानं, कधी कधी बऱ्याच वेळानं. तिकडच्या माणसानं ‘पेमेंट जस्ट नाऊ करतो’ लिहिलं तर लगेच बँक खातं उघडून बसू नका.

‘नॉट’ कुठं येतो तेही बघा. ‘वी आर नॉट जस्ट अ फौंड्री’ म्हणजे आम्ही नुसती फौंड्री नाही, मशिनिंगही करतो. ‘इट इज जस्ट नॉट पॉसिबल’ म्हणजे ते शक्यच नाही. दोन शब्दांची अदलाबदल झाली की अर्थ पार फिरतो.

विनंतीतला ‘जस्ट’ सोपा आहे. ‘कुड यू जस्ट चेक’ म्हणजे आपलं ‘जरा बघता का’. तिथं त्याला वेगळा अर्थ नसतो, फक्त बोलणं मऊ होतं. पण तक्रारीच्या उत्तरात तो घालू नये असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाइकानं ब्लोहोलचा (ओतताना हवा अडकून राहिलेल्या भोकाचा) फोटो पाठवला आणि आपण ‘इट इज जस्ट अ स्मॉल ब्लोहोल’ लिहिलं, तर ‘त्यात काय एवढं’ असा सूर जातो. समोरच्याचं नुकसान झालेलं असतं, त्याला ते लागतं. तिथं ब्लोहोल किती मिलिमीटरचा आहे आणि मशिनिंगच्या जागेवर आहे की बाहेर, एवढंच लिहावं.

शेवटी जागेबद्दल. लिहिताना ‘जस्ट’ ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या अगदी आधी ठेवा. ‘वी नीड जस्ट टू सॅम्पल्स’ यात दोनच नग हवेत हे पक्कं कळतं. ‘वी जस्ट नीड टू सॅम्पल्स’ हेही बोलण्यात चालतं, पण त्याचा ‘बाकी काही नको, सॅम्पल्स तेवढी द्या’ असाही अर्थ निघतो. तुम्हाला ज्या मेलवरून शंका आली त्यातलं वाक्य इथं टाकलंत, तर त्यात कुठला अर्थ आहे ते सांगतो.