काडी बुटावर का पेटत नाही?

प्रश्न: जुन्या पिक्चरमध्ये हिरो बुटाच्या तळाला, भिंतीला, एकात तर चक्क दाढीला काडी ओढतो आणि ती पेटते. मी लहानपणी ओट्यावर, फरशीवर, चपलेवर सगळीकडे ओढून बघितली, एकदाही पेटली नाही, वर अर्धी पेटी वाया घालवली म्हणून आईचे धपाटे. हे सगळं खोटं असतं की आपल्याकडच्या काड्याच फुसक्या? (एक वाचक, मिरज)

उत्तर: दाढीचं काय ते तो दिग्दर्शक जाणे, पण बुटावर पेटणारी काडी खरंच असते, आणि खरं म्हणजे आधी तीच आली. इंग्लंडात स्टॉकटन-ऑन-टीज म्हणून गाव आहे, तिथे जॉन वॉकर नावाचा औषधवाला होता. मिश्रण ढवळलेली काडी त्याने तशीच ठेवली, टोकाला खपली धरली, ती खरवडायला गेला तर भडकली, असं सांगतात. १८२७ च्या एप्रिलमध्ये त्याने या काड्या दुकानात विकायला काढल्या. सोबत पॉलिशपेपरचा तुकडा मिळायचा, त्याच्या घडीत काडी धरायची आणि खस्सकन ओढायची. पठ्ठ्याने पेटंट काढलंच नाही, मग काय, बाकीच्यांनी नक्कल करून धंदा केला.

त्या काडीला जोर फार लागायचा. म्हणून १८३० च्या आसपास गुलात पांढरा फॉस्फरस आला आणि मग कुठेही घासा, पेटणार म्हणजे पेटणार, अगदी खिशातल्या खिशातसुद्धा. पण याची किंमत मोजली ती कारखान्यातल्या कामगारांनी. त्या वाफेने आधी दात दुखायचे आणि मग जबड्याचं हाडच सडत जायचं. १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातल्या काडेपेटी कारखान्यात सुमारे १४०० बायका-पोरींनी संप केला, पगार तुटपुंजा आणि त्यातून पण दंड कापायचे म्हणून. त्यांची दैना छापून आणणारी बाई कोण, तर आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या होमरूलवाल्या अ‍ॅनी बेझंट! मला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं. आपल्याकडे या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १९१३ मध्ये कायद्याने बंदी आली.

आता तुमच्या ओट्याचं. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश म्हणून रसायनशास्त्रज्ञ होता, त्याने १८४४ मध्ये विस्तवाची वाटणीच करून टाकली. लाल फॉस्फरस, जो विषारी नाही, तो पेटीच्या पट्टीवर, आणि पोटॅशियम क्लोरेट वगैरे बाकीचा दारूगोळा काडीच्या गुलात. ओढलं की पट्टीवरचा कणभर लाल फॉस्फरस घर्षणाच्या उष्णतेने पांढरा होतो, तो हवा लागताच पेटतो आणि गुलाला पेटवतो. दोघांची गाठ पडल्याशिवाय काही नाही, तुमच्या ओट्यावर फॉस्फरस नव्हता एवढंच, काड्या चांगल्याच होत्या. योनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रम बंधूंनी या पेट्या जगभर पोचवल्या. आपल्या अंबरनाथचा विमको नाका म्हणजे पुढे इकडे आलेल्या स्वीडिश मंडळींच्याच काडेपेटी कंपनीच्या नावाचा. पिक्चरमधल्या काडीत दोन्ही माल गुलातच असतो, फक्त फॉस्फरसचं कमी विषारी संयुग वापरतात, ते फ्रान्समध्ये १८९८ ला निघालं.

म्हणूनच पट्टी गुळगुळीत झाली की आत वीस काड्या शिल्लक असल्या तरी पेटी बाद. आमची आजी रिकाम्या पेटीची बरी उरलेली पट्टी कात्रीने कापून देवघराच्या खणात ठेवायची, आणि जळकी काडी तर कधीच टाकायची नाही, एका शेगडीवरून दुसरी पेटवायला तीच.

प्रश्न: लायटर आधी आला की काडेपेटी? नवऱ्याशी पैज लागलीय, तो म्हणतो लायटर आणि मला ते पटूच शकत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वाईट बातमी आहे ताई, पैज हरलात. जर्मनीत डोबराइनर नावाच्या प्राध्यापकाने १८२३ मध्ये लायटर केला, म्हणजे वॉकरच्या चार वर्षं आधी. खिशात मावणारा नव्हता, काचेचं भांडंच होतं, त्यात जस्त आणि गंधकाम्ल, त्यातून निघणारा हायड्रोजन प्लॅटिनमवर सोडला की पेट घ्यायचा. नवऱ्याला हे माहीत होतं की नुसतीच ठोकून दिली ते मात्र विचारा. आणि दोघांच्याही आधी होती ती चकमक, पोलाद आणि कापूस, ती आता फक्त भांडणात उडते.

प्रश्न: गॅसच्या लायटरमध्ये ना सेल ना गॅस, मग ठिणगी येते कुठून? आणि पावसाळ्यात नेमका का रुसतो? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला. बटण दाबताना आत एक स्प्रिंग आवळत जाते, एका क्षणी ती सुटते आणि एक इवलीशी हातोडी चिनीमातीसारख्या तुकड्यावर टक्कन बसते. आपण ऐकतो तो आवाज हाच. काही पदार्थांवर दाब पडला की त्यांच्यात वीज तयार होते, हे पॅरिसच्या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं (त्यातला पियेर म्हणजे मादाम क्युरींचा नवरा, पण लग्न नंतर झालं). एका टकटकीत हजारो व्होल्ट निघतात, करंट मात्र नगण्य, म्हणून चुकून बोटाला बसली तरी चिमट्याएवढंच.

पावसाळ्यात आतून सादळतं, मग वीज टोकापर्यंत पोचायच्या आधीच ओलीतून निसटते. नवा आणायच्या आधी नळीच्या तोंडाशी बघा, तिथे बहुतेक उतू गेलेलं दूध नाहीतर फोडणीचं तेल वाळून बसलेलं असतं. सुक्या फडक्याने पुसा, दिवसभर कोरड्या जागी ठेवा आणि ओट्यावर आडवा टाकायच्या ऐवजी खिळ्याला टांगा.