एटीपीचा बंध तुटल्यावर ऊर्जा मिळते, मग बंध तोडायला ऊर्जा लागते हे केमिस्ट्रीत का शिकवतात?

कारण ते खरं आहे. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, एटीपीचाही (एटीपी म्हणजे पेशीतल्या कामांना ऊर्जा पुरवणारा, तीन फॉस्फेट जोडलेला रेणू). तुमच्या बायोलॉजीच्या सरांनी अर्धंच सांगितलंय.

मी हाच प्रश्न अकरावीत, लातूरला क्लासमध्ये विचारला होता. आधीच्या तासाला बंधऊर्जेची गणितं झाली होती. सरांनी फळ्यावर एटीपी काढलं, फॉस्फेटांमध्ये नागमोडी रेघा ओढल्या आणि म्हणाले, ताणलेलं रबर तुटावं तशी ऊर्जा सुटते. मी उभी राहिले. "सर, तुटतानाच ऊर्जा सुटत असेल तर केमिस्ट्रीचं काय?" सर म्हणाले, "नीटला एवढं विचारत नाहीत. बस खाली." अख्खा वर्ग हसला. रूमवर आल्यावर मैत्रिणीही म्हणाल्या, कशाला शहाणपणा करतेस. पुढे बीएस्सीला बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी तेच एका तासात फोड करून सांगितलं, म्हणजे पोर्शन संपवायचा असतो ही नेहमीची सबबही खोटी.

तर, जुना बंध तोडायला ऊर्जा खर्च होते, पण पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेलं एटीपी) आणि सुटं फॉस्फेट बनताना त्याहून जास्त परत मिळते. दाटीवाटीने बसलेले ऋणभार लांब होतात, सुट्या फॉस्फेटला पाण्याचे रेणू नीट वेढतात. प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल हाती उरतात. पेशीत त्याहून बरेच जास्त, कारण पेशीतले मायटोकॉन्ड्रिया एटीपी सतत भरत राहतात, समतोल (अभिक्रिया दोन्ही दिशांना सारखीच चालण्याची स्थिती) होऊच देत नाहीत. समतोल झाला तर एटीपी असूनही त्याच्याकडून काही काम होणार नाही. आणि नुसतं पाण्यात फोडलं तर हाती फक्त उष्णता येते. हेक्झोकायनेज हे एन्झाइम तो फॉस्फेट थेट ग्लुकोजवर चढवतं, म्हणून तो कामी येतो.

साठा म्हणाल तर तो ग्लायकोजेनचा आणि चरबीचा. एटीपी हा साठा नव्हेच, अंगातलं थोडंसं एटीपी दिवसभर पुन्हापुन्हा घडतं आणि खर्च होतं.

परीक्षेत एटीपीच्या या बंधांसाठी "हाय-एनर्जी बाँड" असा पर्याय आला तर तोच निवडा, मार्क घालवू नका. ती नागमोडी रेघही फालतू नाही. बायोकेमिस्ट फ्रिट्झ लिपमननी 1941 मध्ये ती वापरली ती फॉस्फेट दुसऱ्या रेणूला देण्याची क्षमता दाखवायला. रबराची गोष्ट आमच्या सरांची.

वर्गात प्रश्न पुन्हा विचारा. खाली बसवलं तर तास सुटल्यावर केमिस्ट्रीच्या सरांना सोबत घेऊन स्टाफरूममध्ये जा आणि दोघांसमोर विचारा.