शाळेनंतरच्या क्रीडावर्गाचा दर्जा कसा पारखावा?

येत्या जूनपासून आपल्या मुलांच्या शाळेत बाहेरच्या संस्थेमार्फत संध्याकाळी चार ते साडेपाच खो-खोचे वर्ग सुरू होणार आहेत आणि संस्थेचे माहितीपत्रक पाहून पालक-शिक्षक संघाने होकार द्यावा का, असे आपण विचारले आहे. मी 22 वर्षे शाळांमधून खो-खो शिकवला असून त्या अनुभवावरून सांगतो की, माहितीपत्रकापेक्षा हातातले घड्याळ अधिक उपयोगी पडते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळेच चोख असते, म्हणून वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, न कळवता, मैदानाच्या कडेला बसावे; एकच मूल निवडावे, शक्यतो मागे रेंगाळणारे, आणि ते प्रत्यक्ष किती मिनिटे हालते एवढेच मोजावे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. मी एका वर्गात असे मोजले, तेव्हा दीड तासात त्या मुलीच्या वाट्याला जेमतेम 11 मिनिटे आली; उरलेला वेळ रांगेत, हजेरीत आणि सरांचे बोलणे ऐकण्यात गेला.

खो-खोत हा धोका मोठा आहे, कारण खेळाची रचनाच तशी आहे. बारा-बाराचे दोन संघ उतरवले, तरी एका वेळी धावणारा आक्रमक एक आणि संरक्षक तीन. आठ जण पाटीवर बसलेले आणि बाकीचे बाहेर. त्यामुळे जो प्रशिक्षक रोज नुसता सामना लावून शिट्टी वाजवतो, तो प्रत्यक्षात चौघांनाच शिकवत असतो. जाणता माणूस मुलांचे छोटे गट पाडतो: एक गट खांबावर वळण्याचा सराव करतो, दुसरा एकेरी साखळीचा, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळण्याचा, तिसरा हुलकावणीचा, आणि सामना शेवटच्या वीस मिनिटांत होतो.

खांबाकडेही जवळ जाऊन पाहावे. त्याची जमिनीवरची उंची साधारण 120 सेंटिमीटर असते, म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाच्या नेमकी तोंडाच्या पातळीवर; तो गुळगुळीत आहे ना, वरच्या कडा घासलेल्या आहेत ना आणि हाताने हलवला तर डगमगत नाही ना, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. सूर मारायला शिकवण्याआधी मैदानातले खडे वेचून पाणी मारलेले असावे, अन्यथा गुडघे आणि कोपर सोलवटून निघतात.

प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राबद्दल थोडे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आणि तिथलाच सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम यांत मोठे अंतर आहे, तेव्हा नुसते ‘एनआयएस’ लिहिलेले पाहून समाधान मानू नये. मात्र माझ्या पाहण्यातले काही उत्तम शिक्षक साधे बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाचे पदवीधर होते. पोलिसांकडून झालेली चारित्र्य पडताळणी, मुलींच्या गटासोबत महिला शिक्षिका आणि सुटल्यावर मूल कोणाच्या ताब्यात दिले याची सहीनिशी नोंद, यांत मात्र कोणतीही सवलत देऊ नये. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि माझ्या मते वर्ग बाहेरच्या संस्थेने चालवला, तरी मुख्याध्यापकांनी ‘ते संस्थेचे प्रकरण आहे’ असे म्हणून हात झटकता कामा नयेत. हे करारातच लिहून घ्यावे, तसेच वर्षभराचे शुल्क एकरकमी न देता सत्रागणिक द्यावे.

आणखी एक कागद कोणी मागत नाही, तो आपण मागावा: वर्ग सोडून गेलेल्या मुलांची यादी. संस्था पदके जिंकणाऱ्यांची नावे आनंदाने दाखवते, ही यादी सहसा ठेवतच नाही. आमच्या वर्गात एका वर्षी जूनमध्ये 34 मुले होती आणि दिवाळीनंतर 19 उरली; अभ्यासाचा ताण असेल असे मी गृहीत धरले होते, पण घरोघरी फोन केले तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिले, ‘‘सर, माझा नंबरच येत नाही.’’ त्यानंतरच मी रांगा मोडून गट पाडायला लागलो.