वाचक विचारतात : आईवरचा अभंग

प्रश्न : आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी घरच्या भजनात म्हणायला तिच्यावर अभंग लिहिते आहे. पण चालीत ओळी अडखळतात आणि नुसतं वाचलं तर शुभेच्छापत्र वाटतं. कुठे चुकतंय?

उत्तर : अडखळणं हा मोजणीचा दोष. ‘मोठा अभंग’ या छंदाचे चरण 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे; यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, आणि बोलताना आपण गिळतो तो शेवटचा ‘अ’सुद्धा धरायचा. ‘फळीवर’ बोलताना तीन, अभंगात चार. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं, कारण गाताना त्या ‘र’ला स्वतःची जागा लागते. संतांकडे एखादं अक्षर जास्त सापडतं : ‘नामा म्हणे आता । लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर । समाधिस्थ’. दुसरा चरण सातांचा आहे, पण लय तो सांभाळून घेते. दोन-तीन अक्षरं वाढली की भजनी ठेक्यातल्या तालाच्या आठ मात्रांत ती कोंबावी लागतात.

शुभेच्छापत्राचं कारण ‘विरह’, ‘अश्रू’, ‘पोरकेपण’ हे शब्द. ते कुणाच्याही आईला चालतात. त्याऐवजी तिच्या रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या आणि तिच्यापाशी आज काय होतं तेवढंच लिहा. नमुना :

चष्मा तुझा आई । फळीवर आहे ।
हात पुसू पाहे । काच त्याची ॥

दुःखाचा शब्द एकही नाही. हाताची जुनी सवयच सगळं सांगते. कवी यशवंतांच्या ‘आई’ कवितेतही कळ उठते ती दुसऱ्याच कुणीतरी आपल्या आईला मारलेल्या हाकेने.

पाच कडवी पुष्कळ झाली. सर्वांत हळवी ओळ ध्रुपदात घालू नका. प्रत्येक कडव्यानंतर ती परत येते. तिसऱ्या फेरीला एकतर गळा दाटतो, नाहीतर ओळ बोथट होते. ती चौथ्या कडव्यासाठी ठेवा. पट्टीही नेहमीपेक्षा एक-दोन स्वर खालची धरा, कारण भरून आलं की वरचे स्वर आधी सुटतात.

प्रश्न : वडिलांना आम्ही ‘अहो बाबा’ म्हणायचो. गाण्यात ‘तू’ म्हणावं का?

उत्तर : अभंगात देवालाही ‘तू’च म्हणतात, त्यामुळे कानाला खटकणार नाही. घरच्यांना खटकणार असेल तर ‘तुम्ही’ ठेवा. मात्र ‘तुझा’ दोन अक्षरं, ‘तुमचा’ तीन, म्हणजे चरण नव्याने बांधावा लागेल. तिसरी वाट वरच्या नामदेवांच्या ओळीत आहे : संबोधन नाहीच, गेलेल्याविषयी इतरांना सांगणं. ‘बाबांचा’, ‘बाबांनी’ असं लिहिलं की आदरही राहतो. फक्त एका कडव्यात ‘तू’ आणि पुढच्यात ‘तुम्ही’ नको.