पायलटची ड्युटी आणि ब्लॉक टाइम नेमके कोण आणि कसे लिहून ठेवतं?

प्रश्न असा आहे की नवरा फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, कोथरूडच्या घरातनं निघून परत येईपर्यंत नऊ तास जातात आणि रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, ब्लॉक दिसतो फक्त 4:25, मग बाकीचे तास गेले कुठे? मी लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, ऑप्स डेस्कवर बरीच वर्षं काढलीयेत, हेच मिनिटं लिहायचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हे लक्षात घ्या की घड्याळं दोन चालू असतात, एक विमानाचं आणि एक माणसाचं. विमानाचं म्हणजे ब्लॉक. उड्डाणासाठी विमान जागचं हललं तिथपासून पलीकडच्या बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) जाऊन थांबलं तिथपर्यंत, आमच्या भाषेत चॉक काढल्यापासून चॉक लावेपर्यंत. चॉक म्हणजे चाकाला लावायची अडण. समजा पुणे-दिल्लीला 5:10 ला चॉक निघाले, 5:22 ला चाकं उचलली, दिल्लीत 7:14 ला टेकली आणि 7:25 ला बेवर थांबलं, तर हवेत झाले 1:52 पण ब्लॉक 2:15. टॅक्सीवेवर रांगेत गेलेला वेळसुद्धा ब्लॉकमध्येच येतो.

माणसाचं घड्याळ मात्र रिपोर्टिंगपासून सुरू होतं, म्हणजे साधारण तासभर आधी. 4:10 ला रिपोर्ट केलं, दिल्लीला 50 मिनिटं थांबून 8:15 ला निघाले, 10:25 ला पुण्यात इंजिन बंद, की फ्लाइट ड्युटी पिरियड म्हणजे एफडीपी झाला 6:15, त्यात ब्लॉक 4:25. नंतरची कागदपत्रांची थोडी मिनिटं ड्युटीत धरतात, एफडीपीत नाही. कोथरूड-लोहगाव प्रवास कशातच धरत नाहीत, आणि पहाटे तीनला उठलेल्या माणसाच्या बाबतीत हे मला आजही पटत नाही.

पुण्यात अजून एक भानगड आहे. आपला रनवे एअरफोर्सचा, त्यामुळे कधीकधी पॅसेंजर बसलेत, दार बंद, टग (विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर) लावलाय आणि तरी वीस मिनिटं बेवरच बसून राहावं लागतं. त्या वीस मिनिटांत ब्लॉक शून्य आणि एफडीपी मात्र पळत असतो. पगारात फ्लाइंगचा भत्ता ब्लॉकवर मिळत असेल तर ते पायलटला खुपतंच, आणि खुपणारच.

आता लिहितं कोण. मोठ्या जेट विमानांत एकार्स नावाची सिस्टिम असते, 1978 पासून वापरात आहे, ती चार वेळा आपोआप पाठवते: आउट, ऑफ, ऑन, इन. दार बंद आणि पार्किंग ब्रेक सुटला की आउट, चाकांवरचा भार गेला की ऑफ, भार परत आला की ऑन, ब्रेक लागून दार उघडलं की इन. शिवाय कॅप्टन टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत लिहितो, रॅम्पवरचा पोरगा वॉकीटॉकीवर ‘ताई, चॉक निघाले’ म्हणतो ते आम्ही लिहून मूव्हमेंट मेसेज पाठवतो, आणि हे सगळं क्रू कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन रोस्टरवर ॲक्च्युअल, म्हणजे प्रत्यक्ष झालेली वेळ, म्हणून बसतं. हे सगळं यूटीसीत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतं बरं का, म्हणजे आपली पहाटेची 5:10 तिथे आदल्या दिवशीची 23:40 होते आणि तारखेचा घोळ इथेच होतो.

एवढं काटेकोर कशाला, तर विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या मर्यादा याच आकड्यांवर चालतात. 7 दिवसांत 35 तास फ्लाइंग, 365 दिवसांत 1000, लँडिंगं वाढली की एफडीपीची मर्यादा कमी, आणि पुढची विश्रांती आधीच्या ड्युटीइतकी किंवा 12 तास, जे जास्त असेल ते. आठवड्याची सुट्टी 1 जुलै 2025 पासून 36 ची 48 तास झाली.

एक पावसाळी रात्र अजून डोळ्यासमोर आहे. छोटं टर्बोप्रॉप विमान, त्यात एकार्स नव्हतं, दिवसभर सगळ्या सेक्टरला (एकेका उड्डाणाला) उशीर झालेला, क्रूची मर्यादा 22:30 ला संपत होती आणि बेवरच्या पोरानं ‘चॉक लागले, 36’ सांगितलं, म्हणजे 22:36. फोनवरनं एक जण म्हणाला, 22:29 टाक, सहा-सात मिनिटांनी काय होतंय. मी 36 च टाकलं. थोड्या वेळानं कॅप्टन भिजलेल्या रेनकोटात डेस्कवर आला, त्यानंही टेक लॉगमध्ये 36 लिहून सही केली होती, मग मर्यादा ओलांडल्याचा रिपोर्ट भरला. दुसऱ्या दिवशीचं त्यांचं फ्लाइट दुसऱ्या क्रूला द्यावं लागलं, मला बोलणी बसली. पण खोटे 29 लिहिले असते तर विश्रांती त्या 29 पासून मोजली गेली असती आणि दमलेला माणूस परत कॉकपिटमध्ये बसला असता, पाठीमागे सत्तर लोक घेऊन.

तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की घरी आल्यावर रोस्टर ॲपमधले ॲक्च्युअल आणि स्वतःचं लॉगबुक त्याच दिवशी ताडून बघत जा, विशेषतः पहाटेची फ्लाइट असेल तर तारीख. पॅसेंजर म्हणून विमानात बसून ड्युटीवर गेले असतील तर ते ड्युटीत धरलंय ना तेही बघा, ब्लॉकमध्ये ते येत नाही. फरक दिसला तर लगेच क्रू कंट्रोलला मेल टाकायचा, कारण महिना क्लोज झाल्यावर दुरुस्ती करून घ्यायला फार पाठपुरावा करावा लागतो.